कथाप्रधान फँटसी कॅम्पेन चालवताना वहीत नक्की काय लिहायचं?

नकाशावेडी:

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत नव्याने गेम मास्टर (जग आणि त्यातली बाकीची माणसं चालवणारा) झालेल्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते: "माझी कथा तयार आहे, पण खेळाडू तिच्याकडे वळतच नाहीत." यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हा धागा. तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही येऊ द्या.

माझं म्हणणं आधीच सांगते. कॅम्पेनची, म्हणजे अनेक सेशन (बैठका) चालणाऱ्या खेळाची, कथा गेम मास्टरने लिहायची नसते. त्याने लिहायची ती परिस्थिती. कोणाला काय हवंय, त्यासाठी तो कोणत्या थराला जाईल, आणि कोणीच आडवं आलं नाही तर पुढे काय होईल. एवढं पक्कं असलं की कथा टेबलावर घडते, आणि पुढे काय होणार याची उत्सुकता खेळाडूंइतकीच गेम मास्टरलाही असते.

समजा, एका खोऱ्यात नदीवर एकच पूल आहे. पलीकडे डोंगरात जुन्या राजांची थडगी. पूल एका सरदारणीच्या ताब्यात, ती येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकात घेते. आता वहीत असं लिहिलं असेल की "पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) पुलावर येते, सरदारणीशी भांडण होतं, पार्टी कैद होते, तुरुंगात म्हातारा मांत्रिक भेटतो आणि थडग्यांचं रहस्य सांगतो", तर पहिल्याच वाक्याला गाडं अडणार. पार्टीने निमूटपणे जकात भरली तर? पार्टीतल्या चोराने रात्री पोहून जायचं ठरवलं तर? मग नदीत मगरी येतात, पलीकडच्या काठावर अचानक पहारा उगवतो, आणि पार्टी कैद होईपर्यंत एकेक वाट बंद होत जाते. खेळाडूंना हे लगेच कळतं. त्यानंतर ते निर्णय घेणंच सोडून देतात आणि तुम्ही कुठे नेताय ते बघत बसतात. रेलरोडिंग म्हणतात ते हेच.

त्याच पुलाबद्दल दुसऱ्या प्रकारच्या नोंदी बघा. सरदारणीचा मुलगा थडग्यांकडे गेला तो परतला नाही. पलीकडून येणाऱ्या प्रत्येकाची झडती ती स्वतः घेते, कारण मुलाची अंगठी कोणाकडे तरी सापडेल अशी तिला आशा आहे. जकातीचा पैसा ती एका मांत्रिकाला देते, आणि तो दर पौर्णिमेला तिला मुलाचा आवाज ऐकवतो. आवाज मुलाचा नाहीच. थडग्यात जे काही आहे ते बोलतंय, आणि प्रत्येक वेळी मोबदल्यात त्याला पुलापलीकडे एक माणूस पाठवून हवा असतो.

एवढंच. आता पार्टीने भांडावं, जकात भरावी, पोहून जावं नाहीतर सरदारणीची चाकरी धरावी. काहीही केलं तरी यातलं काहीतरी समोर येतंच. जकात भरणाऱ्यांची झडती घेताना सरदारणी प्रत्येकाच्या बोटांकडे जरा जास्तच वेळ बघते. पोहून गेलेल्या चोराला वाळूत डोंगराकडे गेलेली पावलं दिसतात, परत आलेली एकही दिसत नाहीत. तयारी वाया जात नाही, कारण ती कोणत्याही एका वाटेवर अवलंबून नाही.

हा वाद जुनाच आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं, तेव्हा त्याची मुळं युद्धखेळांत होती. भुयाराचा नकाशा, खोल्यांमधले राक्षस, खजिना. कथा म्हणाल तर पार्टी जिवंत बाहेर आली की नाही, एवढीच. १९८३ मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचं रेव्हनलॉफ्ट हे त्या खेळासाठीचं मॉड्यूल (तयार लिहिलेलं साहस) आलं. त्यातला खलनायक शेवटच्या खोलीत वाट बघत बसत नाही. त्याला स्वतःचा हेतू आहे आणि तो स्वतः पार्टीच्या मागावर निघतो. शिवाय तो हेतू कोणता आणि महत्त्वाच्या वस्तू किल्ल्यात कुठे आहेत, हे सुरुवातीला पत्ते काढून ठरतं. किल्ला तोच, माणसं तीच, पण दोन गटांच्या हाती दोन वेगळ्या कथा लागतात. पुढच्याच वर्षी ड्रॅगनलान्सची मॉड्यूल्स सुरू झाली. त्यांत महाकथा आधीच ठरलेली होती. इतकी, की महत्त्वाचं पात्र अवेळी मेलं तर त्याचा मृत्यू शक्य तितका संदिग्ध ठेवायचा, म्हणजे पुढे त्याला परत आणता येतं, अशी सूचनाच होती. पात्राच्या मरण्यालाही कथेची परवानगी लागते, तेव्हा खेळाडूच्या हातात उरतं काय? मी रेव्हनलॉफ्टच्या बाजूची आहे.

ढालकरी:

उत्तम धागा, पण मला अर्धाच पटला. ड्रॅगनलान्सला इतक्या झटकन निकालात काढू नका. महायुद्ध, ड्रॅगनांचं पुनरागमन, मैत्रीत पडलेली फूट हे सगळं खेळायला मिळावं म्हणूनच कितीतरी जण या छंदात आले. मोठ्या प्रसंगाला बांधणी लागते. पहिल्या सेशनमध्ये भिंतीवर दिसलेलं चिन्ह शेवटच्या सेशनमध्ये खलनायकाच्या तळहातावर दिसलं की अंगावर काटा येतो, आणि तो आपोआप येत नसतो. कोणीतरी आधी विचार केलेला असतो.

दुसरं म्हणजे नुसतं मोकळं जग पुढ्यात टाकलं की बरेच गट गांगरतात. खानावळीत बसून अर्धा तास "आता काय करायचं?" यातच जातो. त्याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. कशाचाच ताण नसेल तर निवडायचं तरी काय?

मी मधली वाट धरतो. येणारे तीन-चार मोठे प्रसंग ठरवतो, पण त्यात पार्टी काय करेल ते ठरवत नाही. राजधानी पडणार हे माझ्या वहीत पक्कं असतं. त्या दिवशी पार्टी तटावर लढतेय, लोकांना बाहेर काढतेय की शत्रूच्या छावणीत वाटाघाटी करतेय, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

नकाशावेडी:

ढालकरी, तुमच्या "ताण" या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. परिस्थिती म्हणजे स्थिर चित्र नव्हे, ती सरकत राहिली पाहिजे. त्यासाठी मला सर्वांत कामाचं वाटतं ते घड्याळ. अपोकॅलिप्स वर्ल्ड (२०१०) या खेळात ते ठळकपणे आलं आणि ब्लेड्स इन द डार्कने त्याला साध्या, सुटसुटीत रूपात सगळीकडे पोचवलं. एक वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे, आणि वर लिहायचं: "मांत्रिक थडगं उघडतो." पार्टीने वेळ घालवला, तिचा डाव फसला, किंवा तिने दुसरीच लढाई निवडली की एक भाग रंगवायचा.

मात्र प्रत्येक भाग रंगवला की जगात काहीतरी दिसलं पाहिजे. पहिल्या भागाला गुराखी डोंगराकडची कुरणं सोडतात. तिसऱ्याला पुलावरचे पहारेकरी बदलतात आणि नवे कोणाशी बोलत नाहीत. पाचव्याला नदीचं पाणी रात्री उलटं वाहतं. दिसलंच नाही, तर घड्याळ फक्त तुमच्या वहीत चालतं आणि शेवटचा घाला खेळाडूंना अन्यायाचा वाटतो.

तुमच्या राजधानीबद्दल एकच आग्रह. ती पडणं अटळच ठेवायचं असेल तर तसं आधी सांगून टाका: "ही पडणाऱ्या राजधानीची कथा आहे, तुमची पात्रं तिच्यात काय वाचवतात ते बघू." तेवढा प्रामाणिकपणा असला तर माझी काहीच हरकत नाही. आठ सेशन जीव तोडून राजधानी वाचवायला झटणाऱ्यांना ती कधी वाचणारच नव्हती हे शेवटी कळू नये.

मध्यरात्र:

+१. रहस्यकथा चालवणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो, कारण कॅम्पेन अडकून पडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

गेम मास्टरिंगवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये मांडलेला तीन पुराव्यांचा नियम अजूनही मला सर्वांत उपयोगी वाटतो. पार्टीने काढायलाच हवा असा जो निष्कर्ष असेल, त्याच्याकडे नेणारे किमान तीन पुरावे ठेवा. कारण साधं आहे. एक पुरावा त्यांना दिसतच नाही, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा बसतो. गणितानेही पटतं. प्रत्येक पुरावा निसटण्याची शक्यता निम्मी धरली, तर तिन्ही निसटण्याची शक्यता आठात एक उरते. एकच ठेवलात तर अर्धी कॅम्पेनं तिथेच बंद.

वरच्या पुलाच्या उदाहरणात "आवाज मुलाचा नाही" हा निष्कर्ष घ्या. आवाज आईला अशा नावाने हाक मारतो, जे तिचा मुलगा कधीच वापरत नसे, आणि हे म्हाताऱ्या दाईला माहीत आहे. मांत्रिकाच्या खोलीतल्या वहीत गेल्या पौर्णिमांच्या तारखा आणि प्रत्येकीपुढे एका प्रवाशाचं नाव आहे. आणि थडग्यात शिरलंच कोणी, तर तिथे मुलाचं प्रेत आहे, बोटात अंगठीसकट. तीन वेगळ्या जागा, तीन वेगळ्या प्रकारची माणसं: गप्पा मारणारी, कुलपं उघडणारी आणि सरळ घुसणारी.

आणखी एक. ज्या माहितीवाचून कथा पुढे सरकत नाही, ती कधीही फाशांच्या आड लपवू नका. मांत्रिकाची खोली नीट शोधली की ती वही सापडणारच. फासे टाकायचे ते शोधताना कोणी येतं का, किती वेळ जातो, मागे खुणा राहतात का, यासाठी.

वीसबाजू:

धागा वाचतोय, वाचनखूण साठवली. मी पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच गेम मास्टर होणार आहे, म्हणून दोन प्रश्न. एका प्लेयरने बारा पानी बॅकस्टोरी (पात्राची पूर्वकथा) पाठवली आहे, हरवलेलं राज्य, जुळी बहीण, शाप, सगळं आहे. दुसरी प्लेयर अगदीच गप्प असते. खेळायला आवडतं म्हणते, पण टेबलावर बोलतच नाही. दोघांना एकाच कथेत कसं आणू?

सातवीफेरी:

वीसबाजू, दोन्हींची सुरुवात सेशन झिरोमध्ये करा. फासे न टाकता सगळ्यांनी एकत्र बसायचं, पात्रं एकमेकांसमोर तयार करायची आणि कथा कोणत्या सुराची हवी ते ठरवायचं. काय टेबलावर अजिबात नको आणि काय आडपडद्याने चालेल, हेही तेव्हाच विचारून घ्या. खेळ रचणारे रॉन एडवर्ड्स यांनी यासाठी 'लाइन्स आणि व्हेल्स' अशी सोपी विभागणी दिली आहे: एक न ओलांडायची रेष, दुसरा पडदा, ज्याच्यामागे गोष्ट घडते पण दाखवली जात नाही. फँटसीत छळ, गुलामगिरी, लहान मुलांवरचं संकट हे पटकन येतं, तेव्हा हे आधी बोललेलं बरं.

बारा पानी बॅकस्टोरी प्रेमाने लिहिलेली असते, तिचा मान ठेवा. पण त्यातल्या दोनच गोष्टी उचला: एक अजून जिवंत असलेला माणूस आणि एक न सुटलेला प्रश्न. जुळी बहीण घ्या. ती खोऱ्यात आधीच आलेली आहे आणि मांत्रिकाकडे काम करते. बाकीचं राज्य, शाप वगैरे लागेल तेव्हा बघू. शिवाय ही दोरी एकट्याच्या पात्राला बांधून ठेवू नका. दुसऱ्या कोणाला तरी विचारा, "या बहिणीने तुझा जीव एकदा वाचवला होता. कुठे?" एका प्रश्नात दोन पात्रं एका कथेत आली.

आता गप्प असणारी. कृपा करून तिला "तू काय करतेस?" असं सगळ्यांदेखत मोकळं विचारू नका. इतका मोकळा प्रश्न लाजऱ्या माणसाला भिंतीसारखा वाटतो. काहीतरी ठोस हातात देऊन विचारा. समजा तिचं पात्र धनुर्धारी आहे आणि पार्टी थडग्यात उतरतेय:

"सगळ्यांत तीक्ष्ण नजर तुझ्या धनुर्धारीची, त्यामुळे ती पुढे आहे. पायऱ्या संपतात तिथे भिंतीवर बाण रुतलाय. बनावट तिच्या ओळखीची आहे. कोणाची?"

आणि मग थांबा. ही पाच-सहा सेकंदांची शांतता इतरांना भरून काढू देऊ नका. ती म्हणेल, "माझ्या गुरूची." इतकंच म्हणेल, पण ते लिहून घ्या. पुढच्या सेशनमध्ये तो गुरू थडग्यात भेटू द्या, जिवंत किंवा मेलेला. आपल्या दोन शब्दांनी जग बदललं हे दिसलं की माणूस हळूहळू बोलायला लागतो. पात्राच्या आवाजात बोलण्याची सक्ती तर मुळीच नको. "ती त्याला माफ करत नाही, पण पाणी देते" असं तृतीयपुरुषात सांगितलं तरी ते उत्तमच रोलप्ले आहे.

काही जणांना गप्प राहून ऐकण्यातच आनंद असतो, हेही लक्षात ठेवा. खासगीत एकदा विचारून बघा. "मला असंच आवडतं" म्हणाली तर तिच्या मागे लागू नका.

ढालकरी:

सातवीफेरी, बाणाचं उदाहरण फार आवडलं. आता फाशांबद्दल लिहितो, कारण कथा मरते ती बऱ्याचदा "फसलं, काही होत नाही" या वाक्याने.

वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखीच, पाच टक्के. त्यामुळे निष्णात चोरही साध्या कुलपापाशी सपशेल आपटू शकतो. सहा बाजूंचे दोन फासे वापरणाऱ्या खेळांत बेरीज मध्याकडे झुकते. अपोकॅलिप्स वर्ल्डच्या घराण्यातल्या खेळांत ७ ते ९ म्हणजे "जमलं, पण किंमत मोजून", आणि काहीही अधिक-उणे न धरता ते छत्तीसपैकी पंधरा वेळा येतं. दहा किंवा वर फक्त सहा वेळा. म्हणजे खेळाची रचनाच अशी, की बहुतेक यशांना काहीतरी चिकटून येतं, आणि कथेला नेमकं तेच हवं असतं.

तुम्ही कोणतेही नियम वापरा, ही सवय सगळीकडे चालते. कुलूप उघडलं नाही असं म्हणण्याऐवजी: कुलूप उघडलं, पण हत्यार आत तुटलं आणि ते कोणाचं हे शहरातले सगळे चोर ओळखतात. भिंत चढता आली, पण दोर वरच राहिला. आणि फासे टाकण्याआधी फसल्यास काय होईल ते सांगत जा. धोका माहीत असताना टाकलेला फासा सगळ्यांच्या लक्षात राहतो.

पडद्यामागे फासे बदलू नका, असंही सांगेन. पात्र मरू नये असं सगळ्यांनाच वाटत असेल, तर "या कॅम्पेनमध्ये मृत्यू खेळाडूच्या संमतीनेच" असा नियम उघडपणे करा. पराभवाची किंमत मग दुसरी ठेवता येते: हात जातो, शपथ मोडते, गाव जळतं.

वीसबाजू:

सर्वांचे आभार, खूप मिळालं. एकच भीती उरली आहे. पार्टीने मांत्रिकाला दुसऱ्याच सेशनमध्ये मारलं तर? किंवा हे सगळं सोडून जहाज पकडून दुसऱ्या देशात निघाली तर?

नकाशावेडी:

मारलं तर मरू द्या. त्याला ऐनवेळी अदृश्य करून पळवलंत, तर त्यांनी केलेली सगळी हुशारी तुम्ही काढून घेतली. त्याऐवजी त्याच्या मरणाने कोणाचं काय बिघडलं ते बघा. सरदारणीला आता मुलाचा आवाज ऐकू येत नाही, आणि तो बंद करणारे म्हणून तिच्या लेखी पार्टीच गुन्हेगार. थडग्यातल्या अस्तित्वाला नवा मध्यस्थ हवा, आणि जुळी बहीण तिथेच आहे. घड्याळावरचं नाव बदला, रंगवलेले भाग तसेच ठेवा. खलनायक गेला म्हणून परिस्थिती संपत नाही, उलट बऱ्याचदा चिघळते.

जहाजाचं म्हणाल तर आधी खेळाडूंशी खेळाडू म्हणून बोला. खोऱ्याचा कंटाळा आलाय की तिथे काही जमणार नाही असं वाटतंय? पहिलं असेल तर खुशाल जाऊ द्या. खोऱ्यातलं घड्याळ चालू ठेवा आणि दूरच्या बंदरात तिथले निर्वासित भेटू द्या. दुसरं असेल तर तुमच्याकडून एखादा पुरावा किंवा एखादा मदतीचा हात कमी पडलाय, तो पुढच्या सेशनमध्ये पुरवा.

आणि प्रत्येक सेशन संपवताना एक प्रश्न न चुकता विचारा: "पुढच्या वेळी कुठे जायचा विचार आहे?" जे सांगतील तेवढीच तयारी करा. त्या जागेतली दोन-तीन माणसं, प्रत्येकाला काय हवंय ते एका ओळीत, काही पुरावे, सरकलेली घड्याळं, आणि ऐनवेळी लागणाऱ्या नावांची यादी. नावांची यादी अजिबात विसरू नका. पार्टी कधी कुठल्या रखवालदाराच्या प्रेमात पडेल सांगता येत नाही, आणि नाव नसलेला रखवालदार पुढच्या सेशनमध्ये कोणाच्या लक्षात राहत नाही.

वीसबाजू:

हे फारच सोपं करून सांगितलंत. शेवटचं विचारतो: घड्याळं प्लेयर्सना दाखवायची की लपवायची?

मध्यरात्र:

मी टेबलाच्या मधोमध ठेवतो, उघडी. "शत्रूचं सैन्य खिंडीत पोचतं" हे आठ भागांचं वर्तुळ समोर असलं की जखमा बऱ्या करायला एक दिवस थांबावं का, यावर गट खरोखर वाद घालतो. तो वादच त्या सेशनचा सर्वांत रंगलेला भाग ठरतो. लपवतो ती फक्त पात्रांना ज्याचा सुगावाच नाही अशी, आणि तीसुद्धा सुगावा लागला की लगेच मधोमध येतात, जितकी रंगली असतील तितकी.

सातवीफेरी:

माझंही तसंच. फक्त वीसबाजूंनी सुरुवातीला एकाच वेळी दोनपेक्षा जास्त घड्याळं चालवू नयेत. एक खोऱ्यावरच्या संकटाचं आणि एक कोणाच्या तरी बॅकस्टोरीतलं. जुळी बहीण आहेच.